साथीचे मार्क नसतात

सुरुवातीलाच माफी मागतो. आपल्या वार्षिकांकात आजवर केरळची आणि काश्मीरची प्रवासवर्णनं आली. मी गेलो ब्रह्मपुरीहून नागपूरला, एसटीने साडेतीन तास. एवढ्यावर कुणी प्रवासवर्णन लिहितं का, असं मी मराठीच्या मॅडमना विचारलं. शिवाय मला लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. माझ्याआधी घरात कुणी काही लिहिलं असेल तर ते बाबांनी, राईस मिलच्या पोत्यांवर, खडूने नंबर. मॅडम म्हणाल्या, "आठवडाभर काय वाजवलंस, काय ऐकलंस, काय खाल्लंस, ते क्रमाने लिही. फक्त राग उतरल्यावर लिही." मी महिनाभर थांबलो. राग उतरला नाही. अंक छापायला जायची वेळ आली, म्हणून तसाच लिहायला बसलो आहे. कुठे जास्त बोललो तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. अंक बाहेरच्या कॉलेजांतही जातो, म्हणून काही शब्दांचे अर्थ कंसात दिले आहेत.

मी तबला वाजवतो. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई (जत्रा) भरते आणि मंडई म्हटली की झाडीपट्टीचं (पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यातलं) नाटक आलंच. वडशाच्या एका कंपनीत (नाटक मंडळीत) मी तीन वर्षांपासून तबल्यावर बसतो. मला कुणी समोर बसवून शिकवलेलं नाही. कंपनीतल्या जुन्या तबलजीच्या मागे बसून बघत बघत जे आलं ते आलं. हा बोल इथेच का, हे बोट असंच का, असं विचारलं की ते म्हणायचे, "वाजव ना बाप्पा, नाटक सुरू आहे."

नोव्हेंबरात कॉलेजच्या फलकावर सूचना लागली. नागपूरच्या एका संगीत संस्थेचं आठवड्याचं शिबिर होतं, जिल्ह्यांतल्या मुलांसाठी. शिबिराच्या शेवटी दोघांची निवड होणार होती, एक गायनासाठी आणि एक तबल्यासाठी. निवडलेल्यांना दोन वर्षं गुरुजींकडे शिकायला मिळणार आणि राहायची सोय संस्था करणार. गुरुजींचं नाव इथे लिहीत नाही. आमच्याकडे ते रेडिओवर ऐकलेलं नाव आहे. ती सूचना मी तीनदा वाचली. 'का' विचारलं तर उत्तर देणारा माणूस मला हवा होता. आयुष्यात मला इतकं काही हवं असल्याचं आठवत नाही.

रविवारी पहाटेच्या गाडीने निघालो. तबला पिशवीत होता, पण डग्गा मावेना, म्हणून आईने तो जुन्या लुगड्यात बांधून दिला. नागभीडला कंडक्टर माझ्या मांडीवरचं गाठोडं बघत थांबला.

"यात काय आहे गा? कोंबडा?"

"डग्गा आहे जी."

"जिवंत आहे काय?"

सगळी गाडी हसली. मीही हसलो. भिवापूरपर्यंत शेतांवर धुकं होतं. मग मिरचीचे लाल सडे दिसायला लागले. उमरेडला कोळशाच्या खाणीचे काळे डोंगर आले. नागपुरात शिरताना मी मनातल्या मनात कायदे (तबल्याच्या ठरीव बोलरचना) म्हणत होतो. माझ्याजवळ पुस्तकावरून बसवलेले दोन कायदे होते, बाकी सगळा नाटकाचा माल.

राहायला वानाडोंगरीला ताईकडे होतो. ती माझी चुलत बहीण. भाऊजी हिंगण्याच्या एमआयडीसीत मशीनवर आहेत. दारातच ते म्हणाले, "या उस्ताद! आता तुमचे पाय धुवाचे का हात?" ताईने त्यांना आत ढकललं आणि मला सांगितलं, "उद्या सकाळी आधी दीक्षाभूमीवर जाऊन ये, मग तुझ्या त्या गुरुजीकडे." मी तसंच केलं. स्तूपासमोर सकाळी फार गर्दी नव्हती. एक म्हातारी झाडाखाली बसून पोळी खात होती. मी काही मागितलं नाही. बाबांनी सांगितलं होतं, तिथे मागायचं नसतं, वाकायचं असतं.

संस्था धरमपेठेत आहे. मोठी जुनी इमारत, आत पॉलिशचा वास, चपला ठेवायला वेगळं कपाट. कार्यालयातल्या बाबूंनी अर्ज पुढे केला. अर्ज चार पानी होता आणि सगळा इंग्रजीत.

"पूर्ण नाव सांगा."

मी नाव सांगितलं, प्रफुल, मग वडिलांचं, मग आडनाव.

"अच्छा. अच्छा," बाबू म्हणाले.

त्या दोन 'अच्छां'चा अर्थ काय, हे मी अजून ठरवलेलं नाही. कदाचित काहीच नसेल. मी जिथे फुली होती तिथे सह्या केल्या. वाचायला मागावं असं वाटलं, पण मागे दोन जण उभे होते. मला वाचायला किती वेळ लागेल हे त्यांना दिसलं असतं.

शिबिरात आम्ही सात जण होतो, पाच गाणारे आणि दोन तबल्याचे. तबल्याचा दुसरा ओजस. तो नागपूरचाच, डॉक्टरांचा मुलगा, बारावीला. त्याच्याजवळ तीन तबले होते, वेगवेगळ्या पट्टीचे, मऊ गाद्यांच्या पेटीत. पहिल्याच तासाला गुरुजींनी विचारलं, "आठवडाभर गाणाऱ्यांच्या साथीला कोण बसेल?"

ओजस खिडकीबाहेर बघायला लागला. मी हात वर केला.

इथे थोडं समजावून सांगावं लागेल. आमच्या कंपनीत 'कोण बसेल' असं विचारलं की हात वर करायचा असतो. जो जास्त नाटकांना बसतो, तो मोठा तबलजी. रात्रभर न उठता जो वाजवतो, त्याला मालक दुसऱ्या दिवशी पहिला चहा देतो. माणूस किती कामाचा, हे तो किती वेळ बसला यावरून ठरतं. जगात याहून वेगळं काही असू शकतं, हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, परीक्षा सुरू झाली आणि पहिला प्रश्न मला आला.

सोमवारी मी पहिल्या तासापासून आणि मंगळवारी सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत वाजवलं. माझा तबला मुलींच्या पट्टीत चढेना, म्हणून संस्थेचा घेतला. त्याची शाई (पुडीवरचा काळा गोल) एका कडेला उडालेली होती. पाच गाणारे एकामागून एक येत. एकाचं झालं की तो उठून चहाला जाई आणि दुसरा बसे. मी तिथेच. वरच्या खोलीतून ओजसचा आवाज यायचा, एकच कायदा, त्याचे पलटे (बोल फिरवून केलेले प्रकार), सावकाश, मग दुप्पट, पुन्हा पहिल्यापासून. त्याच्यासोबत घरून आलेले एक काका पेटीवर लेहरा (तबल्याला ताल मोजून देणारी पेटीवरची एकच ओळ) धरायचे. मी मनात म्हणालो, बिचारा एकटाच बसतो, त्याला कुणाबरोबर वाजवायला मिळत नाही. आता ते आठवलं की मान खाली जाते.

गाणाऱ्यांत पल्लवी होती, उमरेडची. तिचे वडील तिथल्याच खाणीत आहेत. दुपारी तिनेच मला ओढून बाहेर नेलं.

"तू जेवत नाहीस काय गा? काहून बसून राहिला तिथं?"

"पुढचा गाणारा येतो ना."

"येऊ दे नं. त्याचं तोंड पळून राहिलं काय?"

कोपऱ्यावर तर्री पोहे खाल्ले. पोह्यांवर तर्री (हरभऱ्याचा लालभडक रस्सा) इतकी ओतली की पोहे शोधावे लागले. वरून कांदा आणि सांबार (कोथिंबीर). डोळ्यांतून पाणी आलं. पल्लवी म्हणाली, "रड, रड. गुरुजी समोर नाहीत तोवर रडून घे." त्या आठवड्यात मी मनापासून हसलो ते बहुतेक तेवढंच.

बुधवारी संध्याकाळी आम्हाला एका मैफिलीला नेलं. गाणाऱ्या बाई बाहेरगावच्या, वयस्क. त्यांच्या डावीकडे बसलेले तबलजी पन्नाशीचे, साधा पांढरा सदरा. मी त्यांच्या बोटांवरून नजर काढली नाही. तासभर त्यांनी फक्त ठेका दिला. एक तुकडा नाही, एक उड्या मारणारा बोल नाही. धा धिं धिं धा, आणि दोन मात्रांच्या मधली जागा इतकी स्वच्छ की बाईंनी तिथे पाय ठेवून वर चढावं. शेजारी ओजस मांडीवर बोटं वाजवत होता. तो हळूच म्हणाला, "हे काहीच वाजवत नाहीयेत रे."

मी म्हणालो, "सगळं तेच वाजवत आहेत."

"म्हणजे?"

मी ओठांवर बोट ठेवलं आणि पुढे ऐकत राहिलो. आमच्या मंडपात हजारो माणसांना ऐकू जावं म्हणून आम्ही ठोकतो. इतकं कमी वाजवून इतकं होतं, हे मी पहिल्यांदा ऐकलं. परतताना मेट्रोत बसून मी गुडघ्यावर ठेका धरत लोकमान्य नगरपर्यंत गेलो. समोरच्या माणसाने जागा बदलली.

गुरुवारी दुपारी आमचा कार्यक्रम बुटीबोरीला होता. एका कापड कारखान्याचं स्नेहसंमेलन होतं. कारखान्याच्या बसने गेलो. सभागृहात पुढे साहेबलोक खुर्च्यांवर आणि मागे कामगार सतरंजीवर. निवेदन करणाऱ्या बाईंनी पाचही गाणाऱ्यांची ओळख करून दिली, कुणाचं शिक्षण, कुणाचे गुरू, कुणाची बक्षिसं. शेवटी म्हणाल्या, "आणि तबल्यावर आहे ग्रामीण भागातला एक गुणी कलाकार." नाव नाही. मी म्हटलं, विसरल्या असतील. पण त्यांच्या हातात कागद होता. पुढे त्यांनी तीनदा कागद बघून बोलताना तीनदा तेच म्हटलं. कागदावर तेच लिहिलेलं होतं.

शेवटी पल्लवी एक नाट्यगीत गायली. टाळ्या पडल्या. ती नमस्कार करून उठत होती. तेवढ्यात मागच्या सतरंजीवरून कुणीतरी ओरडलं, "वन्समोर!"

आमच्याकडे वन्समोर पडला की कुणाला विचारायचं नसतं. गाणारा पाणी पिईपर्यंत तबल्याने ठेका सुरू करायचा असतो. माझ्या हातांनी तो सुरू केला. मी केला असं म्हणवत नाही, हातांनीच केला. पल्लवी अर्धी उठलेली, गुरुजी माईककडे निघालेले आणि माझा ठेका चालू. साहेबलोक एकमेकांकडे बघायला लागले. मागची सतरंजी मात्र आनंदाने उसळली. "होऊ दे! होऊ दे!" पल्लवीने माझ्याकडे एकदा बघितलं, खाली बसली, पदर खोचला आणि गायली. पहिल्यापेक्षा चांगली गायली.

नंतर एक कामगार स्टेजजवळ आला. "कोन्या गावचा गा तू? हात तं वडशाचा दिसते."

मी गाव सांगितलं. तो कुरखेड्याकडचा निघाला. माझे दोन्ही हात हातात घेऊन तो म्हणाला, "दोन मंडई झाल्या, गावाले गेलो नाही. आज गेलो समज."

बसमध्ये गुरुजी समोर बसले होते. मागे न वळता ते म्हणाले, "तबलजीने ठरवायचं नसतं गाणं कधी संपलं ते. हे काय नाटक आहे?" मी 'चुकलं गुरुजी' म्हणालो. चुकलंच होतं. पण 'नाटक' हा शब्द त्यांनी जसा म्हटला तो मला लागला. तीन वर्षं मी जे केलं, ज्याच्या पैशांतून बाबांनी माझी पुस्तकं घेतली, ते त्यांनी चपलेला लागलेली माती झटकावी तसं झटकलं.

शुक्रवारी सकाळी सगळं कळलं. चपलांच्या कपाटाजवळ ओजस भेटला. तो मुलगा वाईट नाही, हे मला इथे नोंदवायचं आहे. त्याने अगदी सहज विचारलं, "तू उद्या काय वाजवणार आहेस?"

"उद्या? पाच जणांचे ख्याल आहेत ना."

"ते नाही रे. सोलो. सिलेक्शनला. दहा मिनिटं एकल वाजवायचंय. मी पेशकार, दोन कायदे, रेला आणि चक्रदार बसवलंय. तू?"

मी हातातली चप्पल पुन्हा खाली ठेवली. तो म्हणाला, "तुला माहीत होतं ना?"

मी कार्यालयात गेलो. बाबू संत्रं सोलत होते.

"बाबूजी, उद्याच्या निवडीत एकल वाजवाचं आहे?"

"हो."

"मले कोणी सांगितलं नाही."

त्यांनी कपाटातून माझा अर्ज काढला, तिसरं पान उघडलं आणि बोट ठेवलं. "लिहिलं आहे. ही सही तुमचीच नं?"

माझीच होती.

"पण मी सोमवारपासून साथ करून राहिलो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. त्याचं काही..."

"साथीचे मार्क नसतात गा," ते समजुतीने म्हणाले. "साथ म्हणजे सेवा आहे. घ्या, संत्रं घ्या."

मी संत्रं घेतलं. 'हो जी' म्हणून बाहेर आलो. भिरकवायला हवं होतं. जिन्यात उभं राहून मी ते खाल्लंसुद्धा, कारण हातात धरून कुठे जाणार?

मग गुरुजींकडे गेलो. दारात उभं राहून वाक्य तीनदा जुळवलं. "गुरुजी, एकल वादनाचं मला..."

"अरे, ये ये. कालचं मनात ठेवू नकोस. या आठवड्यात हात बरा झालाय तुझा." ते खरोखर प्रेमाने बोलत होते. "असं कर, उद्या सकाळी सहालाच ये. पल्लवीचा ख्याल एकदा नीट बसवून घेऊ. तिची संधी जायला नको."

मी 'येतो' म्हणालो.

माझीही संधी होती, हे एक वाक्य. पाच शब्दही नाहीत. ते मला बोलता आलं नाही. मोठ्या माणसापुढे उलट बोलायचं नाही, हे आम्हाला इतकं पक्कं शिकवलेलं असतं की सरळ बोलायचं झालं तरी ते उलट वाटतं.

संध्याकाळी ताईने पाटवडी रस्सा केला होता. मी जेवेना, तेव्हा ताईने माझ्याकडून सगळी हकीकत काढून घेतली. भाऊजी ऐकत होते. नेहमी थट्टा करणारे भाऊजी त्या दिवशी हसले नाहीत.

"आमच्या लाईनवर असंच हाय," ते म्हणाले. "जो पोरगा मशीन सोडत नाही, त्याले सुपरवायझर करत नाहीत. काहून माहीत हाय? तो वर गेला तं मशीन कोण चालवन? जो मशीनपासून दूर उभा राहून बोलते, तो वर जाते."

"मग काय करायचं भाऊजी?"

"मी काय सांगू? मी अजून मशीनवरच हावो."

ताई चिडली. "त्याले हिंमत द्याची सोडून काय सांगून राहिले तुम्ही!"

"खरं सांगून राहिलो वं. हिंमत त्याच्याजवळ हाय. खबर नव्हती."

मी रात्री वाजवू शकलो असतो, पण शेजारी पहिल्या पाळीची माणसं झोपलेली होती. उशीवर बोटांनी दोन्ही कायदे काढले. मोजून सहा मिनिटं झाली.

शनिवारी सहाला मी संस्थेत होतो. आठपर्यंत पल्लवीचा ख्याल वाजवला. ती मधेच थांबली. "तुझ्यासाठी लेहरा कोण धरणार हाय?"

मी त्याचा विचारही केला नव्हता.

"मले एकच येते," ती म्हणाली. "हात कच्चा हाय पेटीवर. पण ताल नाही सोडणार."

ओजसने आधी वाजवलं. सुंदर वाजवलं. मला खोटं लिहायचं नाही. एक आठवडा बंद खोलीत बसून, बरोबर माणूस घेऊन, जे होतं ते त्याच्या बोटांत उतरलं होतं. मग माझं नाव घेतलं. पूर्ण नाव, या आठवड्यात पहिल्यांदाच.

समोर गुरुजी आणि दोन परीक्षक होते. पल्लवीने लेहरा धरला. मी पहिला कायदा वाजवला, मग दुसरा. पलटे कमी होते, दोन ठिकाणी बोल सांडले. भिंतीवर घड्याळ होतं. सहा मिनिटं झाली आणि माझ्याजवळचं संपलं. नाटकातला माल होता, खलनायकाच्या प्रवेशाचा, लावणीचा, हशा आणणारा. तो काढला असता तर दहा काय, चाळीस मिनिटं भरली असती. हात तिकडे वळतही होते. मग बसमध्ये ऐकलेलं 'नाटक' आठवलं आणि मी ठरवलं, ते यांना द्यायचं नाही. यांची तेवढी लायकी नाही.

मी ठेका धरला. साधा तीनतालाचा, मध्यलयीत. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा. एक परीक्षक वर बघून म्हणाले, "पुढे?" मी ठेकाच वाजवला. पहिल्या मिनिटाला लाजेने कान तापले होते. दुसऱ्या मिनिटाला लाज गेली आणि राग उरला. पण राग लयीत शिरू दिला नाही. मात्रा न मात्रा जिथल्या तिथे ठेवली. आठवडाभर पाच माणसं माझ्या या ठेक्यावर उभी राहून मोठी झाली होती. तो ठेका नुसता, वर कुणी नसताना, कसा दिसतो ते यांनी एकदा बघावं, असं मला वाटत होतं. पल्लवीची पेटी हलली नाही. मागे बसलेला ओजस हाताने टाळी-खाली देत होता. घंटा वाजली तेव्हा मी समेवर थांबलो.

"झालं?" परीक्षकांनी विचारलं.

"झालं."

"तयारी कमी आहे," ते कागदाकडे बघत म्हणाले. क्षणभर गुरुजी माझ्या हातांकडे बघत होते. मग चष्मा पुसून म्हणाले, "चला, गायनाला सुरुवात करू. प्रफुल, तू बसलाच आहेस."

मी बसलोच होतो. पाचही जणांना वाजवलं. पल्लवीला तर जीव ओतून वाजवलं, कारण तिचा यात काय दोष? निकाल कळवू, असं सांगून आम्हाला सोडलं.

रविवारी दुपारच्या गाडीने परत निघालो. भाऊजी स्टँडवर सोडायला आले. त्यांनी संत्रा बर्फीचा डबा हातात दिला आणि म्हणाले, "उस्ताद, फॉर्म वाचत जा." मी खिडकीपाशी बसलो. गाडी उमरेड रोडला लागली तरी मी मनात भांडत होतो, बाबूंशी, परीक्षकांशी, निवेदिकेशी. प्रत्येकाला चोख उत्तर देत होतो. सगळी उत्तरं गाडीत सुचत होती.

हा लेख तक्रार म्हणून वाचला जाईल, याची मला भीती आहे. मला तिथे कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. सगळे गोडच बोलले. माझा राग त्या गोडपणावर जास्त आहे. मला नियम माहीत नाही, हे त्या इमारतीत सगळ्यांना दिसत होतं आणि माझ्या माहीत नसण्याचा सगळ्यांना उपयोग होता. आणि स्वतःवरचा राग असा की मी हात वर केला याचा मला पश्चात्ताप होत नाही. उद्या कुणी विचारलं तर हात पुन्हा वर जाईल. तो माझ्या हाताचा स्वभाव आहे. पण वर करण्याआधी आता मी विचारीन, हे मोजलं जाणार आहे का? माझ्या मागून कॉलेजात येणाऱ्या, घरातल्या पहिल्या मुलामुलींना माझं एवढंच सांगणं आहे की रांगेत मागे कितीही माणसं असोत, कागद पूर्ण वाचा. वेळ लागू दे. बघणारे बघोत.

इथपर्यंत लिहून मी लेख मॅडमकडे देणार होतो. निकाल संस्थेने कळवला नाही. पल्लवीची गायनासाठी निवड झाली, हे तिच्याकडूनच समजलं होतं. तबल्यावर ओजस, हेही. काल संध्याकाळी तिचा पुन्हा फोन आला.

"ओजसनं सोडलं," ती म्हणाली. "पंधरा दिवस आला. बारावीच्या क्लासची वेळ जमत नाही म्हणे. घरचे नाही म्हणाले."

मला आशा वाटली, हे मी लपवत नाही.

"मी ऑफिसात गेली होती," ती पुढे म्हणाली. "म्हटलं, दुसरा होता नं, प्रफुल, त्याले घ्या. तं बाबू म्हणे, यंदा तबल्याची जागा रिकामीच ठेवाची ठरली. योग्य विद्यार्थी मिळाला नाही, असं लिहूनही झालं."

मी समोरचे लेखाचे कागद पालथे घातले.

"अजून एक हाय. मले सांगाले लावलं म्हणून सांगते, रागावू नको."

"सांग."

"रियाजाले आता तबल्यावर कोणीच नाही. गुरुजी विचारून राहिले, तो ब्रह्मपुरीचा मुलगा शनिवार-रविवार येऊन जाईल काय, साथीले?"